पुदिना, मळी आणि तळाला गेलेली एक बाटली

शनिवारी सकाळी एका मित्राच्या साखरपुड्याला निघालो होतो. शर्ट घातला, केस बसवले (जेवढे राहिलेत तेवढे) आणि सवयीने कपाटातली ती बाटली उचलली. दाबलं तर नुसतंच फुस्स झालं. बाटली वाकडी करून पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे एक फवारा बाहेर आला. खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं तर तळाशी नखभर उरलंय. हिशेब केला. आठ-दहा फवारे, फार तर.

संपलं तर संपलं, दुसरी मागवू, असं म्हणून रिक्षात बसल्या बसल्या फोनवर शोधायला लागलो. कुठेच नाही. एका ठिकाणी कोणाची तरी अर्धी वापरलेली बाटली होती, तिची किंमत बघून फोन खिशात ठेवला. मग खणून काढलं तेव्हा कळलं, की कंपनीने हे सेंट बनवणं बंद करून बरीच वर्षं झाली. मी इतके दिवस एक डेप्रिकेटेड वस्तू अंगाला फासत फिरत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

असो. तर मंडळी, या वीकेंडचा लेख या सेंटवर. वास हा काय इतिहासाचा विषय आहे का, असं म्हणून टॅब बंद करू नका. शेवटी सगळं येऊन आमच्या नगर जिल्ह्यातच थांबतं. (आता अहिल्यानगर. पण घरी आमच्या तोंडात अजून 'नगर'च बसलंय.)

आधी बाटलीबद्दल. हे कार्तिएचं 'रोडस्टर'. कार्तिए म्हणजे दागिने आणि घड्याळंवाली फ्रेंच कंपनी. रोडस्टर नावाचं त्यांचं एक घड्याळ होतं, त्याच नावाने २००८ साली पुरुषांसाठी हे सेंट काढलं. बनवणारीचं नाव मातिल्द लोराँ, कार्तिएची घरची परफ्यूमर. लावल्या लावल्या पुदिना, अगदी हातात पानं चुरगाळल्यासारखा. मग हळूहळू वाळा, पाचोली आणि शेवटी थोडा व्हॅनिला. त्याच २००८ मध्ये गेर्लाँ या दुसऱ्या जुन्या फ्रेंच घराण्यानेही पुदिना, लिंबू आणि रम असलेलं, म्हणजे मोहितो या दारूच्या पेल्यासारखं, एक पुरुषांचं सेंट काढलं होतं. थोडक्यात, त्या वर्षी पुदिन्याला बरे दिवस आले होते.

आता नगर जिल्ह्यातल्या एका गावात कार्तिए कुठून आलं? मामा दुबईला असायचा. २०११ साली सुट्टीवर आला तेव्हा त्याने आईला साडी, मला बूट आणि पप्पांना ही बाटली आणली. पप्पा एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅब केमिस्ट. मळी, फर्मेंटेशन, अल्कोहोलची टक्केवारी हे त्यांचं आयुष्य. ज्यांनी डिस्टिलरी जवळून पाहिली नाही त्यांना सांगतो, मळीचा वास म्हणजे काकवी जळून आंबली तर जसा येईल तसा. कपड्यात बसतो, केसात बसतो, स्कूटरच्या सीटमध्येसुद्धा बसतो. गावात सगळ्यांनाच तो वास असायचा, त्यामुळे कोणालाच नसायचा. पप्पांनी बाटली लग्नाकार्यासाठी राखून ठेवली. चार वर्षांत चौथा हिस्सासुद्धा संपली नाही.

२०१५ मध्ये मला पुण्यात इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली. निघताना पप्पांनी बॅगेत बाटली टाकली. म्हणाले, "ने तिकडे. शहरात लागतं असलं." मीही 'तुम्हाला नको का' वगैरे काही विचारलं नाही. टाकली ती टाकली.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत, म्हणजे गळीत हंगाम जोरात असताना, पप्पा होस्टेलवर आले. रात्रपाळी करून तसेच पहाटेची एसटी धरून आलेले. फीचे पैसे आणि आईने दिलेला डबा द्यायला. खोलीत बसले. थोड्या वेळाने माझा रूममेट आला आणि नाक वर करून म्हणाला, "काय रे, कसला वास येतोय?" मी म्हणालो, "खाली ड्रेनेज तुंबलंय वाटतं."

पप्पा समोरच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. दोन मिनिटांनी उठले आणि म्हणाले, "चल, बाहेर चहा घेऊ." टेबलावर ती बाटली होती. त्यांचीच.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लेखात येणार नव्हतं, पण टाईप करता करता आलं. राहू दे.

तर, पुदिना.

सगळ्यात आधी एक गंमत. पुदिना थंड नसतो. आपल्या त्वचेतल्या नसांवर थंडी ओळखणारा एक सेन्सर असतो, त्याचं नाव टीआरपीएम८. पुदिन्यातलं मेंथॉल जाऊन त्यालाच चिकटतं आणि मेंदूला 'गार वाजतंय' असा खोटा सिग्नल जातो. तापमान तेच, रीडिंग चुकीचं. हा सेन्सर २००२ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी शोधला, आणि त्यामागच्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना अशाच शोधांसाठी २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे पुदिन्याचा सगळा गारवा हा एक बग आहे, आणि माणसाने हजारो वर्षं त्याला फीचर म्हणून वापरलंय :-)

हजारो म्हणजे खरंच हजारो. अँटिफेनीस नावाचा ग्रीक नाटककार ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. त्याच्या नाटकाच्या एका उरलेल्या तुकड्यात आंघोळ करून बसलेला श्रीमंत माणूस आहे. तो पायाला एक, छातीला दुसरं, भुवयांना तिसरं असं सुगंधी तेल लावतो, आणि दंडाला लावतो ते पुदिन्याच्या जातीचं. म्हणजे पुरुषांचं मिंट सेंट ही काही अडीच हजार वर्षांतली नवी आयडिया नव्हे.

आपल्याकडे मात्र पुदिना अत्तरात फार रमला नाही. तो चटणीत गेला आणि औषधात गेला. माझ्या आजीच्या फडताळात अमृतधारेची इवलीशी बाटली असायची. पोटात दुखलं की साखरेवर दोन थेंब. ती घरी बनवायची रीत फार मस्त आहे. पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉलचे खडे), ओव्याचं फूल (थायमॉल) आणि कापूर, तिन्ही कोरडे, तिन्ही घट्ट. तिन्ही एकत्र बाटलीत घालून हलवायचे, पाण्याचा थेंब न घालता त्यांचं पाणी होतं. लहानपणी ही जादू वाटायची. नंतर केमिस्ट्रीच्या पुस्तकात 'युटेक्टिक मिश्रण' वाचलं तेव्हा आजीची आठवण झाली. मिसळलेल्या पदार्थाचा वितळणबिंदू सुट्या पदार्थांपेक्षा खाली जातो, एवढंच ते.

पण हेच पुदिन्याचं दुखणंही आहे. आधी चटणी, मग अमृतधारा, मग डोकेदुखीचा बाम आणि शेवटी टूथपेस्ट. जगात कुठेही जा, पुदिन्याचा वास आला की माणसाच्या डोक्यात आधी दात घासणं येतं. परफ्यूम बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते पुदिन्याला जरा भिऊनच असतात. दुसरं असं, की पुदिन्याचे रेणू हलके. पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात. परफ्यूमचा पिरॅमिड असतो: वर लगेच उडणारे हलके वास, मध्ये फुलं-मसाले, तळाला तासन् तास टिकणारी लाकडं आणि राळ. पुदिना वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, आला कधी आणि गेला कधी कळतसुद्धा नाही. त्याला टिकवायचं तर खाली भक्कम तळमजला लागतो. हा तळमजला लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधुनिक पुरुषी सेंटची सुरुवात साधारण १८८२ पासून धरतात. उबिगाँ या फ्रेंच कंपनीच्या पॉल पार्के याने 'फुजेर रोयाल' काढलं. फुजेर म्हणजे नेचं. गंमत अशी, की नेच्याला वासच नसतो. पार्केने लॅव्हेंडर, ओकमॉस नावाची झाडावरची दगडफुलासारखी वनस्पती आणि कूमरिन हे रसायन यांचं मिश्रण केलं आणि नेच्याला वास असता तर असा असता, असं ठरवून टाकलं. कूमरिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवलं विल्यम पर्किनने, १८६८ साली. हा तोच पर्किन, ज्याने अठराव्या वर्षी पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला होता. तेव्हापासून दाढीच्या साबणापासून आफ्टरशेव्हपर्यंत 'पुरुषी' म्हणून जो वास आपण ओळखतो, तो बहुतेक याच घराण्यातला. पुदिनाही या घराण्यात जाऊन-येऊन असतो. १९८८ च्या 'कूल वॉटर'मध्ये पिएर बुर्दोंने लॅव्हेंडरबरोबर पुदिना घेतला आणि पुढची पंधरा वर्षं जगातल्या प्रत्येक कॉलेजातला प्रत्येक मुलगा एकसारखा वास मारायला लागला.

पण तो मूळ फुजेर रोयालसुद्धा पुढे बंद पडला होता. २०१० मध्ये नव्याने आणला तो वेगळा. सेंट मरतात ती अशी. कधी खपत नाहीत म्हणून. कधी कंपनी विकली जाते म्हणून. कधी कायदा बदलतो म्हणून: ओकमॉसमधल्या काही रेणूंची ऍलर्जी होते हे कळल्यावर त्याच्या वापरावर मर्यादा आल्या, आणि लिलीच्या फुलासारखा वास देणारं लिलिअल हे रसायन १ मार्च २०२२ पासून युरोपात बंदच झालं. एक घटक गेला की शेकडो फॉर्म्युले मोडतात. आपल्याकडे एखादी लायब्ररी काढून टाकली की कसे सगळे बिल्ड लाल होतात, तस्संच.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे सोर्स कोड बंद. परफ्यूमचा फॉर्म्युला हे व्यापारी गुपित. पेटंट घ्यायचं तर लिहून जगाला सांगावं लागतं, म्हणून फॉर्म्युल्याचं पेटंट सहसा कोणी घेत नाही. कंपनीने तिजोरी बंद केली की विषय संपला. यावर उपाय म्हणून १९९० साली फ्रान्समध्ये व्हर्सायला 'ऑस्मोतेक' नावाची संस्था काढली गेली. झाँ केर्लेओ नावाच्या परफ्यूमरने पुढाकार घेतला. तिथे सुमारे चार हजार सेंट साठवलेली आहेत, अंधारात, १२ अंश तापमानाला, बाटलीत हवेऐवजी ऑरगॉन वायू भरून. त्यातली काहीशे आज जगात दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. १८८२ चा फुजेर रोयालही तिथे जुन्या फॉर्म्युल्याप्रमाणे बनवून ठेवलाय. वासांचं बॅकअप सर्व्हर म्हणा ना.

इथे मला आपल्या लोकांचं कौतुक वाटतं. आपल्याकडे गंधशास्त्रावर उघड पुस्तकं लिहिली गेली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' नावाचा अख्खा अध्याय घातलाय. त्यात सोळा सुगंधी पदार्थांतून चार-चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात असं तो सांगतो (कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतं) आणि मग प्रमाणं बदलत बदलत १,७४,७२० सुगंधांवर पोहोचतो. परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या तासाला आम्हाला पिशवीतले लाल-निळे चेंडू मोजायला लावायचे. त्याऐवजी हे उदाहरण दिलं असतं तर कदाचित मी झोपलो नसतो.

त्याहून जवळची गोष्ट पुण्याची. परशुराम कृष्ण गोडे हे भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे कित्येक वर्षांचे क्युरेटर. ज्या विषयांकडे कोणी पाहत नाही त्यांचा इतिहास शोधायचा या माणसाला नाद. त्यांनी उजेडात आणलेल्या एका हस्तलिखितात गंगाधर नावाच्या लेखकाचा 'गंधसार' हा संस्कृत ग्रंथ आहे आणि त्याच्या जोडीला 'गंधवाद' नावाचा दुसरा. त्या गंधवादावर टीका आहे ती चक्क मराठीत! गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा धरलाय. म्हणजे आमच्या नगरात निजामशहा १४९० च्या सुमारास राज्य उभं करत होता, त्याच्या आगेमागे कुठेतरी कोणीतरी मराठी माणूस बसून, कुठला सुगंध कसा करायचा, हे आपल्या भाषेत समजावून लिहीत होता. त्याला गुपित ठेवावंसं वाटलं नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाच्या पाककृती आज वाचता येतात, आणि मी शाळेत असताना बाजारात असलेल्या सेंटची कृती मात्र वाचता येत नाही. आहे की नाही कमाल?

आता पुन्हा पुदिन्याकडे, कारण त्याची भारतातली गोष्ट अजून राहिली. दुसऱ्या महायुद्धाआधी जगाला मेंथॉल पुरवायचा तो जपान, त्यातही होक्काइडो बेटावरचा कितामी भाग. युद्धात तो धंदा बसला. १९५० च्या दशकात तो जपानी पुदिना भारतात आणला गेला, आधी जम्मूच्या प्रयोगशाळेत आणि मग उत्तर प्रदेशच्या तराईत. पुढे लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेने लवकर तयार होणारे वाण काढले. गहू किंवा बटाटा निघाला की भात लावायच्या आधी जे तीन महिने रान रिकामं राहतं, त्यात पुदिन्याचं पीक बसलं. बाराबंकीसारख्या जिल्ह्यांत शेतातच पत्र्याच्या भट्ट्या लावून तेल काढतात. आज जगातल्या नैसर्गिक पुदिना तेलाचा मोठा भाग भारतातून जातो. आपल्या मुंबईतल्या एमसीएक्सवर २००५ पासून मेंथा तेलाचे वायदे आहेत. सोनं, चांदी, कच्चं तेल यांच्या यादीत एक पुदिना!

पण या शेतकऱ्याचा स्पर्धक शेतात नाही, कारखान्यात आहे. १९८० च्या दशकात जपानच्या ताकासागो कंपनीने मिर्सीन नावाच्या स्वस्त रेणूपासून मेंथॉल बनवायला सुरुवात केली. मिर्सीन मिळतं पाइनच्या टर्पेंटाइनपासून. ही युक्ती रिओजी नोयोरी यांच्या संशोधनातून आली, त्यासाठी त्यांना २००१ चं नोबेल मिळालं. २०१२ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने स्वतःचा मोठा प्लांट टाकला. म्हणजे पाऊस लवकर आला की बाराबंकीत तेल बुडतं, आणि जर्मनीत प्लांट सुरू झाला की भाव बुडतो. शेतकऱ्याला दोन्हीकडून मार. ऊस काय आणि पुदिना काय, आमच्याकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आता तो तळमजला. मघाशी म्हणालो तसा पुदिना टिकवायला खाली काहीतरी भक्कम लागतं. गेल्या पन्नास वर्षांत पुरुषांच्या सेंटमध्ये हे काम सगळ्यात जास्त एका रेणूने केलंय, त्याचं नाव 'आयसो ई सुपर'. नाव एखाद्या पेट्रोलसारखं आहे, पण आयएफएफ या अमेरिकन कंपनीने १९७० च्या दशकात आणलेला हा वासाचा पदार्थ आहे. वास म्हणाल तर मऊ, रंधा मारलेल्या देवदारासारखा. काहींना तो येतो, मध्येच जातो, पुन्हा येतो. १९८८ च्या 'फारेनहाइट'मध्ये हा एकटा सुमारे पाव हिस्सा. २००६ च्या 'तेर द एर्मेस'मध्येही भरपूर. त्याच वर्षी गेझा शोन या जर्मन परफ्यूमरने 'मॉलिक्यूल ०१' काढलं, त्यात दुसरं काही नाहीच. फक्त आयसो ई सुपर आणि अल्कोहोल. ते अजूनही महागात खपतंय. २०२३ मध्ये युरोपने बाटलीवर नाव छापायला लागणाऱ्या सुगंधी घटकांची यादी २६ वरून ऐंशीच्या वर नेली, त्यात आता हाही आहे. अर्थात त्याच्या रासायनिक नावाने, जे वाचेपर्यंत सेंट उडून जाईल.

तो बनवायला दोन गोष्टी लागतात. एक मिर्सीन. हो, तेच, ज्यापासून मेंथॉल बनतं. आणि दुसरी '३-मिथाइल-३-पेंटेन-२-ओन'. धंद्यात याला नुसतं एमपीओ म्हणतात. रविवारी दुपारी मी हे वाचत होतो. जेवण झालं होतं, डोळे मिटत होते. म्हटलं, हे एमपीओ बनवतं कोण, तेवढं बघून झोपू.

झोप उडाली. गोदावरी बायोरिफायनरीज. २०२४ मध्ये तिचा आयपीओ आला, त्याच्या कागदपत्रांत कंपनी स्वतःला एमपीओची जगातली सगळ्यात मोठी उत्पादक म्हणवते. आणि या कंपनीचा रसायनांचा कारखाना आहे साकरवाडीला. तालुका कोपरगाव. जिल्हा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर.

साकरवाडी म्हणजे सोमय्यांची. करमशी जेठाभाई सोमय्या, जन्म १९०२, याच जिल्ह्यातल्या माळुंजे गावचा. १९३९ मध्ये त्यांनी गोदावरी शुगर मिल्स काढली. गोदावरीचे कालवे आले, त्यावर ऊस आला, उसामागे खाजगी कारखाने आले. पुढे १९५० मध्ये याच जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला, तो शाळेच्या पुस्तकात असतो. पण साखर काढल्यावर जी काळी चिकट मळी उरते, तिचं पुढे काय होतं, ते पुस्तकात नसतं. मळी आंबवून अल्कोहोल. अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड. आणि ॲसिटाल्डिहाइडची एमईके या द्रावकाशी गाठ घातली की एमपीओ.

म्हणजे ज्या वासामुळे मी होस्टेलवर बापाला ड्रेनेज ठरवलं, तीच मळी तीन-चार पायऱ्या चढून जगभरातल्या उंची सेंटच्या तळमजल्यात जाऊन बसते.

मग अर्थातच पप्पांना फोन केला. ते गेल्या वर्षी रिटायर झाले. मी सगळं सांगितलं: आयसो ई सुपर, मिर्सीन, एमपीओ. वाटलं होतं, चकित होतील. ते म्हणाले, "ॲसिड कॅटलिस्ट असणार. बेस वापरला तर दुसऱ्या बाजूने जोडलं जाईल, वेगळंच कीटोन मिळेल." मी गप्प. नंतर पुस्तकात पाहिलं. बरोबर होतं.

"आणि नुसतं एमपीओ कशाला," ते पुढे म्हणाले, "सेंटमध्ये मुळात असतं काय? ऐंशी टक्के अल्कोहोलच ना? ते उसाचं असो, बीटाचं असो. आपल्या हिशेबाने बघ. टनाला चाळीस-पंचेचाळीस किलो मळी. टन मळीला धर सव्वादोनशे लिटर. म्हणजे टन उसाला दहा लिटर. तुझ्या शंभर मिलीच्या बाटलीला आठ किलो ऊस झाला. सहा-सात कांड्या. रसवंतीवाला एवढ्यात तुला पोटभर रस देईल, आणि पैसेही कमी घेईल."

मी हसलो. मग थोडा वेळ दोघेही काही बोललो नाही. मग मी म्हणालो, "पप्पा, तुम्ही एकदा होस्टेलवर आला होतात, जानेवारीत. रात्रपाळी करून."

"हां."

"त्या दिवशी मी..."

"अरे, मळीला वास येतो तो येतोच," ते म्हणाले. "पण ड्रेनेजचा वास तसा नसतो. ड्रेनेजला हायड्रोजन सल्फाइड. केमिस्टच्या पोराला एवढा फरक कळू नये, याचं मला वाईट वाटलं."

नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला. माणसाने शब्द न् शब्द लक्षात ठेवला होता. मला माफी मागायची होती, ती काही नीट मागता आली नाही. "चुकलं पप्पा" एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "जेवलास का?" आमच्याकडे हे असंच असतं. तुमच्याकडेही असेल.

फोन ठेवताना विचारलं, "ती बाटली आता संपत आलीय. परत मिळत नाही, कंपनीनेच बंद केली. आठ-दहा फवारे राहिलेत. घेऊन येऊ का तुम्हाला?"

"राहू दे तुला. तू ऑफिसला जातोस."

"पप्पा, मी घरूनच काम करतो."

"मग आण," म्हणाले. "एकवीस तारखेला पुणतांब्याला लग्न आहे."

तर मंडळी, वीस तारखेला गावी चाललोय. वरचे आठ-दहा फवारे आता माझे नाहीत, त्यामुळे कालपासून बाटलीला हात लावलेला नाही. टोपण नीट लावून, रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवलीय. ऑरगॉन वायू काही घरात नव्हता.

साकरवाडीवरून जाणार आहोत का, असं पप्पांना विचारलं होतं. म्हणाले, "वाट वाकडी करायला लागेल. पण जाऊ. काचा उघड्या ठेव."